मर्व ट्रेगेंझा वृद्धाश्रम तपासायला जातो

मर्व ट्रेगेंझा स्वतःला मोठा पारखी समजायचा. ‘समजायचा’ हा शब्द त्याचाच. हल्ली बोलिंग क्लबात बसला की ही गोष्ट तो आपणहून काढतो आणि दुसरं कोणी हसायच्या आत स्वतः हसून घेतो.

तसं समजायला कारणही होतं. पोर्ट ट्रेवानच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठारावर, त्याची सगळी नोकरी झाली. डिसेंबरात कापणी जोरात आली की गहू-सातूचे ट्रक पार चर्चच्या कोपऱ्यापर्यंत रांग लावायचे. मर्व मचाणावर चढायचा, लांब पोकळ नळी ट्रकमधल्या दाण्यात तळापर्यंत खुपसायचा, निघालेला दाणा तळहातावर घेऊन फुंकायचा, एखादा दाताखाली धरायचा आणि यंत्राने सांगायच्या आधी मालाची प्रत सांगून मोकळा व्हायचा. शेतकरी भांडायला उठायचे.

“अरे मर्व, वरचा गहू बघ की जरा. सोनं आहे सोनं.”

“वरचा तू मला दाखवायला ठेवलायस,” मर्व म्हणायचा. “मी तळाचा बघतो.”

हे वाक्य त्याला इतकं आवडायचं की मुलीच्या लग्नातल्या भाषणातसुद्धा त्याने ते कुठेतरी बसवलं होतं. त्या वेळी त्याची बायको लोर्ना छताकडे बघत बसली होती.

ती लोर्ना ईस्टरनंतर एका सकाळी कपडे वाळत घालताना अंगणात पडली. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला. जीभ काही दिवस अडखळली आणि मग होती तशी झाली.

“देवाने दुरुस्तीला नेमका तोच भाग घेतला,” मर्व डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

“ऐकू येतंय मला,” लोर्ना पलंगावरून म्हणाली.

इस्पितळात महिनाभर व्यायाम झाले. मग डॉक्टरीणबाईंनी मर्वला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला उठवा-बसवायला दोन माणसं लागणार, तीही शिकलेली. घरी नेणं जमायचं नाही. मर्व तेव्हा एकोणऐंशीचा होता. तो म्हणाला, तरुणपणी मी गव्हाची पोती पाठीवर वाहिली आहेत, ही माझी बायको काय जड आहे. आणि तिथल्या तिथे दाखवायला गेला. लोर्नाच्या काखेत हात घातले, ‘हं’ केलं, आणि दोघंही पलंगावर आडवी झाली. ती खाली, हा वर. नर्स धावत आली.

“मर्व,” लोर्ना त्याच्या छातीखालून म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली. लोक बघतायत.”

तेव्हा वृद्धाश्रमाचं ठरलं. कोणता, हे मर्व ठरवणार होता. पारख त्याची होती ना.

मुलगी केरिन डार्विनला असते. तिने फोनवर सांगितलं, “बाबा, प्रत्येक ठिकाणाला सरकारने तारे दिलेत. इंटरनेटवर बघता येतात.”

“तारे मोटेलला असतात,” मर्व म्हणाला.

“तपासून देतात हो.”

“ट्रकच्या वरवरचं बघून देत असतील.”

जाण्यासारखी ठिकाणं दोनच होती. एक अॅडलेडच्या वाटेवर, गाडीने तासभर लांब, नवंकोरं. दुसरं गावातलंच, जेटीजवळचं, बसकं आणि जुनं. त्याला सगळं गाव नुसतं ‘खालचं’ म्हणतं.

नव्या ठिकाणी मॅनेजरसाहेब स्वतः दारात उभे होते. त्यांनी मर्वला सगळं फिरवून दाखवलं. भिंतभर माशांची टाकी होती, लाल खुर्च्यांचं छोटंसं सिनेमागृह होतं, बटण दाबलं की फेसाळ कॉफी देणारं यंत्र होतं. मर्व त्या यंत्रातून तीन कॉफ्या प्यायला. सिनेमाच्या खुर्च्यांवर कोणी बसलेलं नव्हतं, पण ते त्याला घरी परतल्यावर आठवलं.

खालच्या आश्रमात दारातच उकडलेल्या कोबीचा वास आला, आणि त्या वासाच्या खाली आणखी एक वास, ज्याचं नाव मर्वला घ्यायचं नव्हतं. चाकांच्या आधारकाठीला धरून एक म्हातारा वाट अडवून उभा होता. तो विल्फ पेनहॉल, जन्मभर खेकडे आणि व्हायटिंग मासे पकडलेला कोळी.

“पाय पूस,” विल्फ म्हणाला.

मर्वने पाय पुसले. तिथली मुख्य नर्स अँथिया जेवणाचे ट्रे घेऊन लगबगीने चालली होती. “आश्रम बघायला आलात? मला आत्ता वेळ नाही,” ती म्हणाली. “जेवणानंतर या. नाहीतर हे दोन ट्रे धरा आणि माझ्याबरोबर चला.” मर्वने ट्रे धरले आणि चालता चालता जेवढं दिसेल तेवढं पाहिलं. ताटात काहीतरी नारिंगी, काहीतरी हिरवं आणि काहीतरी तपकिरी असे तीन गोळे होते. त्याने नाक मुरडलं आणि मनात निकाल देऊन टाकला.

पण लोर्नाच्या मैत्रिणी येऊन तिला खालच्याच आश्रमाचं सांगून जात होत्या. जवळ आहे, ओळखीचं आहे, आम्हाला येता येईल. त्यांचं तोंड बंद करायला मर्वला पुरावा हवा होता. आणि पुरावा कुठे असतो, तर तळाशी. त्याने ठरवलं, आपण स्वतःच खालच्या आश्रमात दोन आठवडे राहायचं. म्हाताऱ्या माणसांना थोडे दिवस विसाव्याला घेतात, तसं जायचं. कोणाला कळू द्यायचं नाही. आतून सगळं बघायचं.

“बाबा, त्यापेक्षा तिथल्या लोकांना सरळ विचारा ना,” केरिन म्हणाली.

“लोक खोटं बोलतात, केरिन. दाणा बोलत नाही.”

केरिनने फोन ठेवून दिला.

विसाव्याला घ्यायचं तरी आधी एक सरकारी बाई घरी येऊन माणूस पाहून जाते, खरंच गरज आहे का म्हणून. मर्वने जय्यत तयारी केली. शेजाऱ्याची काठी मागून आणली. अर्धीच दाढी केली. बाई तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारते, हे त्याला क्लबात कळलं होतं. त्यातला एक मुद्दाम विसरायचं त्याने ठरवलं. फार विसरलो तर संशय येईल.

बाई आली. गोड होती, तरुण होती. तिने शब्द सांगितले: घोडा, छत्री, लिंबू. मग इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या, आणि मग विचारलं. मर्वने कोणता शब्द विसरायचा याचा इतका विचार केला होता, की आता तिन्ही सापडेनात. त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, “गहू.”

बाईने मान डोलावली. म्हणाली, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा. इथे कण्हायचं असं त्याचं ठरलं होतं. कण्हायला उसंतच मिळाली नाही. तो उठायला गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत बसला. दुसऱ्यांदा तेच. बाईने विषय बदलला, चहा करू का म्हणाली आणि दूध काढायला फ्रिज उघडला. आत बेकरीतली अर्धी मांस-बटाट्याची पॅस्टी होती, बिअर होती, आणि लोर्नाने ईस्टरला उघडलेली संत्र्याच्या मुरंब्याची बरणी होती, तिच्यावर बुरशीचं पांढरं लव आलेलं. बाईने फ्रिज हळूच लावला. मर्वच्या पट्ट्याला, तो सैल व्हायला लागला म्हणून, त्याने खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, तेही तिने पाहिलं.

जाताना म्हणाली, “विसावा तर मिळेलच, मर्व. पण तुम्हाला कायमचं राहायचं असेल ना, तर त्यालाही माझी हरकत असणार नाही.”

मर्व गाडीत बसला तो शीळ घालतच. इस्पितळात जाऊन त्याने लोर्नाला सगळा प्रयोग साग्रसंगीत सांगितला. काठी, दाढी, सगळं.

“आणि शब्द?” लोर्नाने विचारलं.

“विसरलो. ठरलंच होतं.”

“आणि खुर्चीतून उठायचं?”

मर्व खिडकीबाहेर बघू लागला.

“मर्व,” लोर्ना म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता, “तो अभिनय नव्हता, बाळा.”

त्याला ते पटलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. त्याने बॅग भरली आणि खालच्या आश्रमात दाखल झाला. खोली लहान होती. खिडकीतून जेटी दिसायची आणि तिच्यावर ओळीने बसलेले समुद्रपक्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत नाश्त्याला गेला, चेहऱ्यावर शक्य तेवढा मंदपणा आणून. विल्फ पेनहॉल समोरच बसला होता.

“काय मर्व,” विल्फ लापशीतून डोकं वर न काढता म्हणाला, “तळापर्यंत गेलास का?”

सगळं टेबल खुसखुसलं. मर्वने ही गोष्ट खरोखर कोणालाच सांगितली नव्हती. फक्त न्हाव्याला. आणि क्लबात दोघा-तिघांना. आणि बेकरीत, पण ते ओघात.

“आणि ती काठी दुसऱ्या हातात धर,” विल्फ म्हणाला. “काल तू डावीकडे लंगडत होतास.”

तरी मर्वने तपासणी सोडली नाही. उलट आता लपायचं कारण उरलं नाही म्हणून तो उघडच तपासू लागला. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघायचा. सूपमध्ये चमचा उभा राहतो का ते बघायचा. सगळ्यात आवडतं काम म्हणजे घंटी. पलंगाशेजारी दोरीला बटण असतं. दाबलं की बाहेर दिवा लागतो आणि कोणीतरी यावं लागतं. मर्व दाबायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचा.

बहुतेक वेळा मेरेओनी यायची. ती फिजीची. उंच, धिप्पाड, आणि चालताना स्वतःशीच भजनं गुणगुणणारी. आली की दारात थांबून विचारायची, “बोला मर्व, काय हवं?” आता काहीतरी सांगणं भाग. मर्व म्हणायचा, “तो पडदा जरा ओढ.” ती ओढायची. तासाभराने पुन्हा घंटी. “पडदा जरा उघड.” ती उघडायची. तिसऱ्या वेळी तिने पडद्याला हात लावलाच नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

“अर्धा ठेवू?” तिने विचारलं.

मर्वला वाटलं, ही उद्धटपणाने बोलली, आणि तसं त्याने मनात टिपून ठेवलं. आता तो म्हणतो, ती बिचारी खरोखरच विचारत होती.

मग ती गुरुवारची संध्याकाळ आली. कामावरची एक बाई आजारी पडली, बदली कोणी मिळालं नाही, आणि मर्वच्या बाजूच्या सगळ्या खोल्यांना मेरेओनी एकटी. जेवणाची वेळ. कोणाला भरवायचं, कोणाला उठवायचं, कोणाच्या अंगावर सूप सांडलेलं. मर्वने खोलीतून ही धावपळ ऐकली आणि त्याचे डोळे चमकले. आता खरा तळ हाती लागणार. त्याने घंटी दाबली.

बऱ्याच वेळाने मेरेओनी आली. कपाळावर घाम होता. “बोला मर्व.”

“पडदा,” मर्व म्हणाला.

तिने पडदा ओढला आणि गेली. ती दारातून बाहेर पडते न पडते तोच कोपऱ्यावरच्या संडासातून धप्प आवाज आला, आणि पाठोपाठ विल्फची शिवी.

विल्फ आत बसला होता. झाल्यावर त्यानेही घंटी दाबली होती. वाट बघून बघून शेवटी आपणच उठायला गेला आणि नळावर आपटला. हाड मोडलं नाही, पण नडगीची सालटी निघाली. म्हाताऱ्या माणसाची कातडी ती, ओल्या कागदासारखी फाटली. मर्व काठी विसरून धावत गेला, तर मेरेओनी गुडघ्यांवर बसून विल्फचा पाय बांधत होती.

“त्याची घंटी वाजली नव्हती का?” मर्वने विचारलं. आवाजात अजून तपासनीस होता.

“वाजली होती,” मेरेओनी म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. “तुमची आधी वाजली.”

एवढंच. तिने पट्टी बांधली, विल्फला उभं केलं, त्याच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या खोलीत कोणीतरी हाक मारत होतं तिकडे निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मर्व म्हणतो. त्याला भांडता आलं असतं.

तो विल्फच्या समोरच्या पलंगावर बसला.

“मग?” विल्फ म्हणाला. “निकाल काय लागला? इथली सेवा वाईट?”

“आज वाईट होती,” मर्व म्हणाला. “माझ्यामुळे.”

“तसं लिही मग.”

“लिहीत नाही मी काही. नुसतं लक्षात ठेवतो.”

“घोडा, छत्री, लिंबू लक्षात ठेवलंस तसं?” विल्फ म्हणाला. तीही गोष्ट गावभर झाली होती. ती मर्वने खरंच कोणाला सांगितली नव्हती. म्हणजे लोर्नाने सांगितली असणार.

दुसऱ्या दिवसापासून मर्वची घंटी बंद झाली. जेवणाच्या वेळी तो खोलीत बसेना. ट्रे उचल, पाण्याचे पेले भर, चष्मा हरवलेल्याला चष्मा शोधून दे, असलं काहीतरी करू लागला. भरवायला मात्र मेरेओनीने त्याला हात लावू दिला नाही. त्यासाठी शिकावं लागतं, ठसका लागला तर माणूस जातो, ती म्हणाली. उगीच मदत करायला गेलेल्या माणसालाही मदत करावी लागते, हे तो तिथे शिकला. एकदा त्याने सगळ्यांच्या चहात साखर घातली, मधुमेहवाल्यांच्यासुद्धा. अँथियाने सगळे पेले ओतून दिले आणि त्याला रुमालांच्या घड्या घालायला बसवलं.

घड्या घालता घालता त्याने तिला विचारलं, “संध्याकाळी एक माणूस जास्त का नाही ठेवत?”

“ठेवायला हवा,” अँथिया म्हणाली. “अॅडलेडच्या मुख्य कार्यालयाला मी सांगून सांगून थकले. माझं ऐकून त्यांचे कान किटलेत. तुम्ही सांगून बघता का?”

मर्वला कोणीतरी तक्रार करायची विनंती करावी, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. त्याने दुपारीच फोन लावला. मग दुसऱ्या दिवशी लावला. मग रोज. पलीकडची बाई पुढे पुढे त्याचा श्वास ऐकूनच म्हणायची, “बोला मिस्टर ट्रेगेंझा.”

तरी त्याचं मत बदललं नव्हतं. माणसं चांगली, जागा भिकार. लोर्नाला माशांच्या टाकीवाल्या ठिकाणी न्यायचं. तिथे सकाळ-संध्याकाळ गाडीने जाऊ. दोन आठवडे संपत आले तेव्हा त्याने मोठ्या मनाने ठरवलं, की तिला एकदा इथलं दाखवावं, म्हणजे मैत्रिणींचं तोंड परस्पर बंद होईल. इस्पितळाच्या गाडीतून चाकाच्या खुर्चीत बसून लोर्ना आली.

दारात विल्फ होता. “पाय पूस,” तो सवयीने म्हणाला, मग खुर्चीची चाकं पाहून म्हणाला, “बरं, राहू दे.”

“का राहू दे?” लोर्ना म्हणाली. “मर्व, चाकं पूस.”

मर्वने वाकून चाकं पुसली. मग त्याने तिला मॅनेजरसाहेबांच्या थाटात फिरवायला सुरुवात केली: इथे ओल आली आहे बघ, इथे पडद्याची कडी तुटली आहे, वास येतो ना? लोर्ना हूं हूं करत होती. जेवणघराच्या कोपऱ्यात आल्यावर तिने डाव्या हाताने चाक धरलं. कोपऱ्यातल्या टेबलावर युकरचा डाव मांडला होता. युकर म्हणजे त्या भागातल्या लोकांचा जीव की प्राण. खाणीत उतरणारे त्यांचे पणजोबा हा पत्त्यांचा खेळ तिथे खेळत आले. त्यात सगळ्यात मोठा पत्ता हुकमाचा गुलाम. विल्फ आणि दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. चौथा भिडू नव्हता.

“बसणार?” विल्फने विचारलं.

“मला पत्ते धरता येत नाहीत,” लोर्ना म्हणाली. आजारी पडल्यापासून तिने स्वतःच्या तोंडाने ‘येत नाही’ म्हटलेलं मर्वने पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणणार होता, मी धरतो. सुदैवाने म्हणाला नाही.

विल्फने मेरेओनीला हाक मारली. “ए पोरी, तो ब्रश आण.” मेरेओनीने स्वयंपाकघरातून फरशी घासायचा एक नवा ब्रश आणून लोर्नासमोर उलटा ठेवला, केस वर करून. विल्फने एक पत्ता त्या केसांत खोचून दाखवला. पत्ता उभा राहिला. कोणी काही समजावलं नाही, कोणी कौतुक केलं नाही. पत्ते वाटले गेले, आणि लोर्नाने डाव्या हाताने आपले पत्ते एकेक करून ब्रशात लावले. पहिलाच डाव तिने घालवला. विल्फ म्हणाला, “हुकमाचा गुलाम हातात असून झोपलीस होय? अर्धांग हाताला झालाय की डोक्याला?”

मर्व पुढे सरसावला. असं बोलणाऱ्याला तो आता सोडणार नव्हता. पण लोर्ना हसत होती. कपडे वाळत घालताना पडल्यापासून ती अशी हसली नव्हती. तोंड एका बाजूने वर जाई, डोळ्यांत पाणी येई.

“तू जा रे मर्व,” ती म्हणाली, “घड्या घाल जा रुमालांच्या. मला सुचू दे.”

गाडीवाला न्यायला आला तेव्हा तीन डाव झाले होते आणि चौथा रंगात होता. व्हरांड्यात मर्व तिला सांगू लागला, त्या दुसऱ्या ठिकाणी सिनेमागृह आहे.

“इथे,” लोर्ना म्हणाली.

“जेवण म्हणजे नुसता लगदा आहे, लोर्ना. संध्याकाळी माणसं कमी असतात. मी स्वतः बघितलंय. तळापर्यंत जाऊन बघितलंय.”

“बघितलंस ना? मग तू कर त्यांच्याशी भांडण. तुला काम होईल.” मग ती थोडी थांबली. “मर्व, तू सगळीकडे जाऊन आलास. कॉफ्या प्यायलास, काठी घेऊन लंगडलास, त्या गरीब पोरीला पडदे ओढायला लावलेस. राहणार कोण आहे?”

“तू.”

“मला एकदा तरी विचारलंस, तुला काय हवंय?”

मर्वने आठवून पाहिलं. इस्पितळातला पूर्ण महिना, मग हे दोन आठवडे. डॉक्टरांना विचारलं होतं, केरिनला विचारलं होतं, न्हाव्यालासुद्धा विचारलं होतं.

“काय हवंय तुला?” तो म्हणाला.

“आता झालं विचारून,” लोर्ना म्हणाली. “ती जेटीकडची खोली बघ मिळते का. आणि तू माझ्यासाठी दोन वेळा गाडी चालवू नकोस. तुला रस्ता दिसत नाही हल्ली, हे मला माहीत आहे.”

तेही तिला माहीत होतं.

लोर्ना खालच्या आश्रमात राहायला गेली. सगळं काही गोड झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात तिचे खालचे नकली दात धुलाईच्या चादरींबरोबर गेले आणि आलेच नाहीत. तिकडच्या जुलैच्या थंडीत एकदा तिला अंघोळीला बसवून कोणीतरी टॉवेल आणायला गेलं ते विसरलंच; ती थरथरत बसली होती, आणि त्या दिवशी मर्व असा ओरडला की जेटीवरचे पक्षी उडाले, असं विल्फ सांगायचा. अँथियाने येऊन माफी मागितली, आणि टॉवेल आधी, पाणी मग, असा दंडक घातला. मुख्य कार्यालयाने अखेर संध्याकाळसाठी एक जास्तीची बाई दिली. ती मर्वच्या फोनमुळे दिली की द्यायचीच होती म्हणून दिली, कोणाला माहीत. मर्व फोनमुळेच म्हणतो.

विल्फ ऑगस्टमध्ये गेला, छातीत कफ होऊन, दोन दिवसांत. मेरेओनी सुट्टी असून आली आणि त्याच्याजवळ बसून राहिली. चर्चमध्ये मर्वला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. तो म्हणाला, “हा मला पाय पुसायला लावणारा एकमेव माणूस,” आणि पुढे त्याला बोलता आलं नाही, आणि लोक म्हणाले की त्याने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात चांगलं भाषण.

पुढच्या वर्षी सरकारी तपासनीस आले, न कळवता. एक बाई आणि एक बुवा. बाई लोर्नाच्या खोलीत तिच्याशी बोलायला बसली. इथे तुमचं ऐकतात का, जेवण कसं आहे, भीती वाटते का कशाची. लोर्नाने जे होतं ते सांगितलं, दातांचं, टॉवेलचं आणि युकरचंसुद्धा. तेवढ्यात दारातून मर्व आत आला, अंगाला एप्रन बांधलेला, हातात अर्धा सोललेला लाल भोपळा. सकाळपासून तो तिथेच होता. नाश्ता तिथेच, जेवण तिथेच, दुपारची डुलकी लोर्नाच्या आरामखुर्चीत. त्या बाईला पाहून त्याला कोण आनंद झाला. शेवटी कोणीतरी त्याच्या जातीचं भेटलं होतं. त्याने तिला धान्य, तळ, घंटी, लापशीचा घट्टपणा असं सगळं सांगायला घेतलं, आणि सांगत राहिला. बाई ऐकत राहिली, मधूनच दाराकडे बघत. शेवटी स्वयंपाकघरातून भोपळ्यासाठी हाक आली तेव्हा तिची सुटका झाली.

तो गेल्यावर तिने लोर्नाला विचारलं, “तुमचे यजमानही इथेच राहतात का?”

“नाही,” लोर्ना म्हणाली. “पण त्याला ते अजून कळलेलं नाही.”